देण्याआधी भरून घ्या



कळंबच्या आपल्या परिसरात वैशाखात विहिरी तळाला जातात. दिवसभर उपसा चालू ठेवला तर पोहऱ्यात गाळच येतो. रात्रभर विहिरीला उसंत दिली तर झरे पाझरतात आणि पहाटे पुन्हा घागर भरते. समाजासाठी झटणाऱ्या माणसाची गत याहून वेगळी नसते. परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र या दृष्टीने एकदा पाहा.

१९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१६ मध्ये तेथून लंडन गाठले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले. मार्चमध्ये कोल्हापूरकडील माणगावच्या परिषदेला स्वतः शाहू महाराज आले. समाज जागा होऊ लागला होता. अशा वेळी दुसरा कोणी म्हणाला असता की आता शिक्षण पुरे. बाबासाहेब मात्र त्याच वर्षी जुलैत पुन्हा लंडनला निघाले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, डी.एस्सी. ही पदवीही त्याच वर्षी मिळाली. मधल्या काळात ‘मूकनायक’ तग धरू शकले नाही. ही किंमत लहान नव्हती.

पण पुढचे पाहा. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील महाडचा सत्याग्रह, पुढे गोलमेज परिषद आणि राज्यघटना. हे सारे त्याच शिदोरीवर झाले. आणि शिदोरी भरणे त्यांनी कधी थांबवले नाही. दादरला बांधलेले ‘राजगृह’ ग्रंथांनी भरून गेले होते.

या चरित्राची दुसरी बाजूही तुम्ही विसरू नका. बुद्धीला त्यांनी उपाशी ठेवले नाही, पण देहाला विश्रांती फार थोडी मिळाली. घटनेचे काम चालू असतानाच मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना गाठले. उतारवयात ते व्हायोलिन शिकू लागले, पण तोवर शरीर थकले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला, अवघ्या ५३ दिवसांनी, आपण पोरके झालो. त्यांच्या अभ्यासासाठी संसाराचा भार उचलणाऱ्या माता रमाईही दीर्घ आजारानंतर १९३५ मध्येच गेल्या.

तथागतांनीही देह झिजवणारी तपश्चर्या सोडली, सुजातेची खीर स्वीकारली, आणि मगच बोधी प्राप्त झाली. वर्षातील अनेक महिने चारिका करणाऱ्या भिक्खूंना त्यांनी पावसाळ्यात वर्षावास सांगितला.

म्हणून तुम्ही विहारासाठी, वस्तीसाठी जरूर राबा. पण रोज थोडे वाचा, थोडा वेळ शांत बसा, दुखणे अंगावर काढू नका. घरातील माऊलीला आधी विसावा द्या, कारण सर्वांना वाढून ती शेवटी जेवते. तिच्या ताटात काय उरते, हे आज रात्रीच पाहा.