मेणबत्ती, चमचा आणि डॉक्टर ब्राइट

मैत्रिणींनो, दिवस गेले की दवाखान्यात दर फेरीला एक काम ठरलेलं असतं. नर्सबाई हातात छोटीशी बाटली देतात आणि लघवी आणायला सांगतात. आपण ती पदराआड धरून, जरा लाजतच आणून देतो. त्या त्यात एक पट्टी बुडवतात, रंग बघतात, कार्डावर काहीतरी खरडतात आणि आपल्याला वजनकाट्यावर उभं करतात. कशासाठी हे सगळं, असं आपण क्वचितच विचारतो. पट्ट्या नव्हत्या तेव्हा हीच लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवायचे. तुमच्या आईला किंवा सासूबाईंना कदाचित आठवत असेल.

ही तापवायची पद्धत ज्याच्यामुळे जगभरच्या दवाखान्यांत रुळली, त्या माणसाची आज ओळख करून द्यायची आहे. नाव रिचर्ड ब्राइट. जन्म 28 सप्टेंबर 1789, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल या बंदराच्या गावी.

घर पैसेवाल्यांचं. वडील व्यापारी आणि बँकवाले. या घराण्याचा पैसा जमैकातल्या साखरेच्या मळ्यांशी जोडलेला होता आणि ते मळे गुलामांच्या घामावर चालत. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना हे लिहायला जिवावर येतं, पण गाळावंसंही वाटत नाही. मुलगा मात्र बापाच्या पेढीवर बसला नाही. 1808 साली तो शिकायला एडिंबरोला गेला आणि तिथे डॉक्टरकीच्या वाटेला लागला.

आणि स्वभाव कसा, तर भटक्या! शिक्षण अर्धवट असतानाच, 1810 मध्ये, हा पोरगा सर जॉर्ज मॅकेंझी यांच्याबरोबर आइसलंडला गेला. ज्वालामुखींचा आणि उकळत्या झऱ्यांचा तो देश. तिथली झाडंझुडपं आणि प्राणी यांच्या नोंदी त्यानं केल्या. 1813 मध्ये डॉक्टरकीची पदवी मिळाली, तरी पाय काही घरात ठरेनात. युरोपभर फिरला, व्हिएन्नाला राहिला, तिथून हंगेरीत गेला आणि त्या प्रवासावर 1818 मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातली चित्रंही बरीचशी त्याचीच. गंमत म्हणजे हंगेरीतल्या रोमा लोकांबद्दल आणि त्यांच्या भाषेबद्दल त्यानं आवडीनं लिहिलंय. या रोमांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच देशातून तिकडे गेलेले. ते अजून पाण्याला पाणीच म्हणतात, ऐकलंय का कधी? परतीच्या वाटेवर तो ब्रसेल्सला थांबला. वॉटर्लूची लढाई होऊन थोडेच दिवस झालेले, 1815 साल. जखमी सैनिकांनी भरलेली तिथली इस्पितळं त्यानं पाहिली.

मला विचाराल तर या भटकण्यातच त्याचं खरं शिक्षण झालं. समोर जे दिसतंय ते नीट बघायचं, लिहून ठेवायचं आणि जमलं तर चित्र काढायचं. पुढे आयुष्यभर त्यानं एवढंच केलं, फक्त डोंगरदऱ्यांच्या जागी माणसाचं शरीर आलं.

लंडनला तापाच्या इस्पितळात काम करताना त्याला स्वतःलाच ताप लागला आणि जिवावर बेतलं. त्यातून उठला आणि 1820 मध्ये गाईज हॉस्पिटलमध्ये रुजू झाला. हे गरिबांचं इस्पितळ. खलाशी, हमाल, मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या बायका असे रोगी. तिथे त्याचे दोन सोबती होते, टॉमस ॲडिसन आणि टॉमस हॉजकिन. या दोघांचीही नावं आजारांना मिळालेली तुम्ही ऐकली असतील. एका इस्पितळात, एकाच काळात अशी तीन माणसं असावीत, हा योगच म्हणायचा.

1822 मध्ये ब्राइटचं लग्न झालं. मुलगी मार्था, त्याच इस्पितळातले नावाजलेले डॉक्टर बॅबिंग्टन यांची लेक. वर्ष-दीड वर्षाचा संसार. 1823 मध्ये बाळंतपणानंतर ती गेली. बाप डॉक्टर, नवरा डॉक्टर, आणि घरातली बाळंतीण हाताला लागली नाही. तो काळच तसा होता. पुढे 1826 मध्ये त्यानं एलायझा फॉलेट हिच्याशी दुसरं लग्न केलं आणि तो संसार शेवटपर्यंत टिकला.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी अंगावर सूज येणं हाच एक आजार समजत. पाय सुजले, डोळ्यांखाली फुगलं, पोटात पाणी झालं, की रोग्याला सुजेचा आजार झाला म्हणायचं आणि यकृताला, रक्ताला किंवा दारूला दोष द्यायचा. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? माझ्या मावशीचं तोंड सकाळी उठल्यावर सुजायला लागलं तेव्हा घरात सगळे म्हणाले, झोप जास्त झाली. मग म्हणाले, अंगात रक्त कमी आहे, बीट खा. संध्याकाळपर्यंत सूज पायात उतरायची आणि तोंड पूर्ववत दिसायचं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. चार-पाच महिने असेच गेले. शेवटी एका डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली तेव्हा कुठे किडनीचं नाव निघालं.

ब्राइटनं नेमकं हेच केलं. सुजलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेतली आणि मेणबत्तीवर धरली. अंडं उकळलं की आतलं पांढरं कसं घट्ट होतं? तशी ती लघवी पांढरट होऊन गोठायची. तिच्यात अल्ब्युमिन होतं, म्हणजे रक्तातलं प्रथिन, जे लघवीत यायलाच नको. लघवी तापवून बघणारा तो पहिला नव्हे. त्याच्या आधीही काहींना सूज आणि अल्ब्युमिन यांचा मेळ दिसला होता. पण ब्राइट तिथे थांबला नाही. असा रोगी दगावला की तो शवविच्छेदनाच्या खोलीत जायचा आणि मूत्रपिंडं काढून बघायचा. कुठे ती फुगलेली, फिकट, डागाळलेली. कुठे आकसलेली, कडक, वरून खडबडीत. सूज, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बिघडलेली मूत्रपिंडं, या तिन्हींची गाठ त्यानं बांधली.

1827 मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्यात असे दोन डझन रोगी एकेक करून मांडलेले. पहिलाच 34 वर्षांचा एक खलाशी, 1825 मध्ये भरती झालेला. मूत्रपिंडांची रंगीत चित्रं अशी, की आजही डॉक्टर मंडळी ती बघत राहतात. फोटो नव्हतेच ना तेव्हा!

त्यामागचं कारण आज आपल्याला माहीत आहे. मूत्रपिंड म्हणजे बारीक गाळण्यांचा जुडगा. चांगली गाळणी कचरा आणि जादा पाणी बाहेर सोडते, प्रथिनं आत ठेवते. गाळणी फाटली की प्रथिनं वाहून जातात. रक्तात पाणी धरून ठेवण्याचं काम बरंचसं हीच प्रथिनं करतात. ती कमी झाली, शरीरात मीठ-पाणी तुंबलं, की ते अंगात झिरपतं आणि सूज दिसते.

रसायनशास्त्र जाणणारे डॉक्टर बॉस्टॉक त्याच्या मदतीला होते. लघवीतून जायला हवा तो युरिया या रोग्यांच्या रक्तातच साठतोय, याची चाहूल त्यांच्या तपासण्यांतून लागली. आज पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर ब्लड युरिया लिहिलेलं असतं ना, त्याची ही सुरुवात. आणखी एक गोष्ट ब्राइटनं हेरली. 1836 मध्ये त्यानं शंभर रोग्यांचा तक्ता छापला, त्यात अनेकांचं हृदय मोठं झालेलं होतं. बिघडलेल्या रक्तामुळे हृदयाला जास्त जोर लावावा लागत असेल, असा त्याचा अंदाज. ब्लड प्रेशर मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं, तरी माणूस किती जवळ पोचला होता बघा.

लहान मुलांना लाल पुरळाचा ताप येऊन गेला की काही दिवसांनी अंग सुजतं, हेही त्याच्या नोंदीत आहे. हा अचानक येणारा प्रकार, आणि बरीच मुलं त्यातून सुधारतात. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचं तोंड सुजलं आणि लघवी चहासारखी लाल-काळी झाली, तर डॉक्टरकडे न्यायचं ते यासाठीच. दुसरा प्रकार वर्षानुवर्षं गुपचूप चालणारा. माणूस हिंडतो-फिरतो, मूत्रपिंड आतल्या आत आकसत जातं.

1842 मध्ये गाईज हॉस्पिटलनं ब्राइटला फक्त मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी दोन वॉर्ड दिले. 42 खाटा, पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या, आणि शेजारी छोटी प्रयोगशाळा. अशी सोय जगात बहुधा पहिलीच. पण हातात औषध काय? रक्त काढणं, जुलाब देणं, घाम आणणं, अंथरुणात गरम ठेवणं. एवढं अचूक निदान करायचं आणि मग रोग्याला हळूहळू जाताना बघायचं... रोज वॉर्डात जायला त्याला काय बळ लागलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढच्याच वर्षी, 1843 मध्ये, त्याच इस्पितळातल्या डॉक्टर लीव्हर यांनी हीच तपासणी बाळंतपणात झटके येणाऱ्या बायकांवर केली. बहुतेकींच्या लघवीत अल्ब्युमिन सापडलं. ठणठणीत गरोदर बायकांमध्ये सापडलं नाही. आपल्या हातात बाटली येते ती इथून! अर्थात तपासणी माहीत असणं वेगळं आणि ती वेळेवर होणं वेगळं. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांची बायको ॲलिस 14 फेब्रुवारी 1884 रोजी गेली. वय अवघं 22, मुलगी झाल्याला दोन दिवस. कारण निघालं ब्राइटचा आजार. अंगावरची सूज गरोदरपणाची म्हणून सोडून दिली की घात होतो. म्हणून सांगते, सूज आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या फेरीची वाट बघू नका. त्याच दिवशी जा.

डायलिसिस यायला शंभर वर्षं जावी लागली. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरनं महायुद्धाच्या धामधुमीत यंत्र बनवलं आणि त्यावर जगलेली पहिली रोगी 1945 मधली 67 वर्षांची एक बाईच. 1954 मध्ये बॉस्टनला जुळ्या भावांत किडनीचं रोपण यशस्वी झालं. आपल्याकडे 2016 पासून जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस देण्याची केंद्राची योजना आहे, चौकशी जरूर करा. आणि जाता जाता एक बोचणारी गोष्ट. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि नवी किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते. तिला लागली तर? असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

ब्राइट पुढे राणी व्हिक्टोरियाच्या डॉक्टरांपैकी एक झाला. चाळिशीचं दशक अर्धं सरेपर्यंत गाईज सोडून त्यानं खासगी रोगीच बघितले. 16 डिसेंबर 1858 रोजी हृदयाच्या झडपेच्या आजारानं तो गेला. त्याचा एक मुलगा डॉक्टर झाला, दुसरा इतिहासाचा नामांकित अभ्यासक.

आज ब्राइटचा आजार हे नाव डॉक्टर वापरत नाहीत, कारण त्या एका नावाखाली अनेक आजार दडलेले होते. त्यानं बरण्यांत जपून ठेवलेली काही मूत्रपिंडं गाईजच्या संग्रहालयात राहिली. 1972 मध्ये त्यांतल्या तिघांचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. जवळपास दीडशे वर्षांनंतरही आतली नासधूस ओळखू येत होती, आणि तिघांचा आजार एकच नव्हता.