तानसाचे नळ आणि शेठ वालचंद हिराचंद

आमच्या हुमड ज्ञातीत कै. शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव ज्यास ठाऊक नाही असे घर विरळाच. आगबोटी, विमाने व मोटारी या तीन शब्दांत त्यांचे चरित्र आटोपण्याचा प्रघात पडला आहे. परंतु ज्या धंद्याने त्यांस उभे केले तो धंदा मातीचा, दगडाचा व चुन्याचा होता, आणि त्यातील एक काम असे आहे की मुंबईत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांच्या स्वयंपाकघराशी त्याचा आजही संबंध पोहोचतो. ते काम तानसाच्या नळांचे. यंदा त्याविषयी दोन शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

शेठजींचा जन्म सोलापुरास २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. वडील हिराचंद नेमचंद हे ‘जैन बोधक’ पत्राचे संस्थापक म्हणून आपणांस परिचित आहेत. घरचा व्यवसाय कापसाचा व सावकारीचा. मुंबईच्या सेंट झेवियर व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात वालचंदांचे शिक्षण झाले, पण पदवी पदरी पडण्यापूर्वीच ते सुटले. पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडणे त्यांच्या प्रकृतीस मानवले नाही. रेल्वेत पूर्वी कारकून असलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटदारीस आरंभ केला. गादीवर वाढलेल्या तरुणाने उन्हात उभे राहून मुरुमाची मापे घ्यावी, हे आम्हांस त्यांच्या पुढील सर्व पराक्रमांहून अधिक धाडसाचे वाटते. पराक्रमास लोकांची शाबासकी मिळते, धंदा बदलणाऱ्यास ती मिळत नाही.

फाटक-वालचंद ही पेढी वाढत जाऊन १९२० साली टाटांच्या सहकार्याने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. पुढे टाटा बाहेर पडल्यावर तिचेच नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाले. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. भोर घाटातील रेल्वेचे बोगदे, कालाबागेजवळ सिंधूवरील पूल, ब्रह्मदेशात इरावतीवरील पूल ही या पेढ्यांची कामे. मुंबईस तानसाचे पाणी आणणारे नळ घालण्याचे काम याच मालिकेतले.

तानसा तलाव शहापूर तालुक्यात आहे. मुंबईची तहान विहार (१८६०) व तुळशी (१८७९) या तलावांनी भागेना, म्हणून तानसा नदीवर सुमारे पावणेदोन मैल लांबीचे दगडी धरण बांधून १८९२ मध्ये पाणी सुरू झाले. शहर वाढत गेले तशी योजना १९१५, १९२५ व १९४८ या टप्प्यांनी वाढविण्यात आली. या योजनेची खुबी अशी की पाणी उचलण्यास यंत्र लागत नाही. तलाव उंचावर आहे, शहर सखल आहे, आणि केवळ उताराच्या बळावर पन्नास मैलांहून अधिक वाट चालून पाणी शहरात पोहोचते. म्हणूनच नळ घालणाराची कसोटी लागते. रान, ओढे व खाडी ओलांडताना चढउतार सांभाळावे लागतात आणि प्रत्येक सांधा दाबाखाली टिकावा लागतो. आगबोट बंदरातून सुटली की लोक टाळ्या वाजवितात. जमिनीत नळ बसविणारास कोणी हार घालीत नाही.

शेठजींच्या इतर उद्योगांचा येथे केवळ नामनिर्देश करितो. सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला, आणि १९४४ मध्ये प्रीमियर मोटार कंपनी. रावळगाव व वालचंदनगर येथे त्यांनी उसाचे मळे उठविले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचा अंत झाला. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटच्या आजारात केलेली शुश्रूषा सर्वश्रुत आहे. पुढे बंधू गुलाबचंद व लालचंद यांनी घराण्याची धुरा वाहिली. वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणारी कंपनी ती हीच.

आता एक अप्रिय गोष्ट लिहिणे आम्हांस भाग आहे. शेठजींच्या पश्चात शहापूरच्या मुलुखातील पाण्यावर आणखी योजना झाल्या. १९५७ साली वैतरणेवर मोडक सागर झाला, १९८१ पासून भातसाचे पाणी मुंबईस येऊ लागले. मुरबाडकडील बारवी धरण १९७२ चे. ते औद्योगिक विकास महामंडळाचे असून त्याचे पाणी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथकडे जाते, आणि त्याची उंची वाढविताना मुरबाडच्या गावांस घरेदारे सोडावी लागली. इतके जलाशय पदरी असता शहापूर व मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. पाणी कोणास द्यावे हे ठरविणे कंत्राटदाराच्या हाती नव्हते. तो निर्णय सरकारचा व महापालिकेचा, आणि त्याचा दोष शेठजींकडे जात नाही. परंतु नळाचा अभिमान आपण मिरवावा आणि नळाचे उगमाकडील टोक पाहू नये, हेही न्याय्य नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते टोक पाहिलेले नाही. पाहणे असल्यास कसाऱ्याच्या लोकलने आटगाव स्थानकावर उतरावे, तेथून तानसा जवळच आहे. शक्यतो वैशाखात जावे. पावसाळ्यात सारे हिरवे असते, आणि तेव्हा तेथे पाण्याची वाण असेल यावर विश्वास बसत नाही.