येवगेनी झाम्यातिन आणि दुःस्वप्नलोकाचे प्रयोजन

१

डिस्टोपिया, म्हणजेच दुःस्वप्नलोक, रंगविणाऱ्या साहित्याविषयी दोन समज रूढ आहेत. पहिल्या समजानुसार असे साहित्य हे एक प्रकारचे भविष्यकथन असते; साहजिकच वर्तविलेले कितपत खरे ठरले, यावरून त्याचे मोल ठरविले जाते. दुसऱ्या समजानुसार ते एखाद्या विशिष्ट राजवटीवरील आरोपपत्र असते. ती राजवट लयाला गेली की त्याचेही कार्य संपले, असे गृहीत धरले जाते. विसाव्या शतकातील या साहित्यप्रकाराची आद्य कृती म्हणून ज्या कादंबरीकडे पाहिले जाते, त्या 'आम्ही'चा कर्ता येवगेनी इवानोविच झाम्यातिन (१८८४-१९३७) याचे जीवन व लेखन एकत्र ठेवून पाहिले, तर हे दोन्ही समज अपुरे ठरतात. झाम्यातिन व्यवसायाने नौकास्थापत्याचा अभियंता होता, वृत्तीने पाखंडी होता आणि एकेकाळी स्वतः बोल्शेविक होता. या तिन्ही गोष्टींचा त्याच्या कादंबरीशी निकटचा संबंध आहे.

२

मध्य रशियात लेबेद्यान नावाचे लहानसे गाव आहे; त्या काळी ते तांबोव प्रांतात होते. तेथे १८८४ मध्ये झाम्यातिनचा जन्म झाला. वडील ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मोपदेशक व शिक्षक होते. आई पियानो वाजवीत असे. वाङ्मयात त्याला उत्तम गती होती; तरीही १९०२ मध्ये त्याने सेंट पीटर्सबर्गच्या पॉलिटेक्निक संस्थेत नौकाबांधणीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. विद्यार्थिदशेतच तो बोल्शेविक पक्षात सामील झाला. १९०५ च्या उन्हाळ्यात 'पोतेम्किन' युद्धनौकेवरील बंडाच्या वेळी तो ओडेसात होता. त्याच वर्षी डिसेंबरात त्याला अटक झाली. काही महिने एकांतकोठडीत काढल्यानंतर त्याला गावी स्थानबद्ध करण्यात आले. तेथून तो परवानगीवाचून राजधानीत परतला आणि १९०८ मध्ये अभियंता झाला. त्यानंतर त्याने नौकास्थापत्याचे अध्यापनही केले. १९११ मध्ये पुन्हा हद्दपारी वाट्याला आली. रोमानोव घराण्याच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवानिमित्त १९१३ मध्ये माफी जाहीर झाली, तेव्हाच त्याला राजधानीत उजळ माथ्याने राहता आले.

याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'उयेज्दनोये' या दीर्घकथेने त्याचे नाव झाले. आडगावातील कोंदट, जड जीवन हा तिचा विषय होता. पुढच्याच वर्षी दूर पूर्वेकडील लष्करी छावणीतील अधिकाऱ्यांच्या अधःपाताचे चित्रण करणाऱ्या कथेमुळे ती छापणाऱ्या नियतकालिकाचा अंक जप्त झाला आणि लेखकावर खटलाही झाला. झारशाहीशी त्याचा संघर्ष अशा रीतीने क्रांतीच्या बऱ्याच आधीपासूनचा होता. सत्तेला जे चित्र नको असते ते रेखाटण्याची त्याची सवय बोल्शेविक सत्तेने लावलेली नव्हती, ही गोष्ट त्याच्या पुढील वादांचा विचार करताना विसरता येत नाही.

३

१९१६ च्या मार्चमध्ये रशियन सरकारने त्याला इंग्लंडला पाठविले. न्यूकॅसलच्या गोद्यांत रशियासाठी बर्फफोडी जहाजे बांधली जात होती, त्यांच्या बांधणीवर देखरेख करण्याचे काम त्याच्याकडे होते. त्यांतील 'अलेक्सांद्र नेवस्की' या जहाजाशी त्याचा विशेष संबंध आला. क्रांतीनंतर हेच जहाज 'लेनिन' या नावाने ओळखले जाऊ लागले. सुमारे दीड वर्षाच्या या वास्तव्याचे वाङ्मयीन फळ म्हणजे इंग्रज मध्यमवर्गावरील 'बेटवासी' ही कथा. तिच्यातील पाद्री ड्यूली याने जेवण, पश्चात्ताप, दानधर्म, इतकेच काय पण दांपत्यसुखाचेही वेळापत्रक आखलेले असते. सक्तीने उद्धार करण्याचा एक सिद्धांतही त्याच्यापाशी आहे.

'आम्ही'चे बीज येथे आहे. पुढे ज्या 'एकराज्या'चे चित्र झाम्यातिनने रंगविले, त्याचा पहिला नमुना त्याला मॉस्कोत नव्हे, तर सुखवस्तू, धर्मभीरू, यंत्रप्रधान इंग्लंडमध्ये आढळला. कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे मोजमाप करणारी अमेरिकन अभियंता टेलरची पद्धती त्या काळी भांडवलशाही कारखान्यांत प्रतिष्ठा पावली होती आणि लेनिननेही तिचा पुरस्कार केला होता. परस्परविरोधी म्हणविणाऱ्या दोन व्यवस्था माणसाच्या हिशोबीकरणाच्या मुद्द्यावर एकत्र येतात, हे अभियंता असलेल्या झाम्यातिनला इतरांच्या आधी जाणवले.

४

सप्टेंबर १९१७ मध्ये तो रशियात परतला. पुढची चार वर्षे पेत्रोग्राद उपासमार व कडाक्याची थंडी सोसत होते, आणि त्याच काळात वाङ्मयीन उपक्रमांना उधाण आले होते. गॉर्कीच्या पुढाकाराने सुरू झालेल्या जागतिक वाङ्मयाच्या प्रकाशनसंस्थेत झाम्यातिन काम करू लागला. 'कलाभवना'त तो तरुण लेखकांना कथालेखनाचे तंत्र शिकवीत असे. झोश्चेन्को, कावेरिन, फेदिन, लुन्त्स इत्यादींचा 'सेरापियन बंधू' हा गट त्याच्या प्रभावाखाली वाढला.

या काळातील त्याचे एक काम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. एच. जी. वेल्सच्या रशियन अनुवादांचे संपादन करताना त्याने वेल्सवर विवेचन लिहिले. ते १९२२ मध्ये पुस्तकरूपाने आले. पारंपरिक आदर्शलोकाची दोन लक्षणे त्याने त्यात सांगितली. आशयाच्या दृष्टीने त्यावर अधिकाचे चिन्ह असते आणि रूपाच्या दृष्टीने ते स्थिर असते. म्हणजे तेथे वर्णन असते, कथानक नसते. वेल्सच्या बहुतेक कृतींवर उणेचे चिन्ह आहे आणि त्यांत संघर्ष असल्यामुळे त्या गतिमान आहेत. दुःस्वप्नलोकाच्या साहित्यशास्त्राचा हा एक आरंभबिंदू म्हणावा लागेल. चिन्हातील बदलापेक्षा रूपातील बदल येथे अधिक मोलाचा आहे. परिपूर्ण समाजात काही घडू शकत नाही; म्हणून त्याची कादंबरी होत नाही. काही घडते ते त्या परिपूर्णतेला तडा गेल्यावरच. याचाच अर्थ असा की कादंबरी हा वाङ्मयप्रकार आपल्या घडणीनेच परिपूर्णतेच्या दाव्याच्या विरोधात उभा राहतो.

५

१९२०-२१ मध्ये लिहिलेली 'आम्ही' ही चाळीस नोंदींची रोजनिशी आहे. दोनशे वर्षे चाललेल्या युद्धानंतर उभ्या राहिलेल्या एकराज्यातील माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत, दिनक्रम तासांच्या तक्त्याने बांधलेला आहे आणि हिरव्या भिंतीपलीकडे अरण्य आहे. सर्वोच्च स्थानी 'उपकारकर्ता' असून दरवर्षी त्याची एकमुखाने निवड होते. निवेदक डी-५०३ हा अंतराळयानाचा शिल्पकार आहे. परग्रहांवरील जीवांना गणिती दृष्ट्या निर्दोष असे सुख देण्यासाठी, प्रसंगी लादण्यासाठी, हे यान बांधले जात आहे. आय-३३० या बंडखोर स्त्रीच्या प्रेमात पडल्यावर त्याला 'आत्मा' जडतो. तेथील वैद्यकाच्या लेखी तो एक रोग आहे. अखेरीस नागरिकांच्या मेंदूतील कल्पनाशक्तीचे केंद्र क्ष-किरणांनी जाळून टाकण्याची मोहीम निघते. शस्त्रक्रियेनंतर डी-५०३ आपल्या प्रेयसीचा छळ शांतपणे पाहतो आणि त्याची नोंद करतो.

निवेदक राज्याचा शत्रू नसून निष्ठावंत आहे, ही या रचनेतील कळीची बाब आहे. लेखकाप्रमाणेच तोही जहाज बांधणारा व गणितावर प्रेम करणारा आहे. काच, समीकरणे, यंत्रांची लय यांविषयीचा त्याचा आनंद खोटा वाटत नाही, कारण तो झाम्यातिनच्या अनुभवातून आलेला आहे. दुःस्वप्नलोकाचे आकर्षण वाचकाला आधी आतून जाणवले पाहिजे. तसे झाले नाही तर त्याची भीतीही वरवरची राहते. कादंबरीच्या मध्यवर्ती संवादात आय-३३० त्या गणितज्ञाला शेवटची संख्या विचारते. संख्यांना अंत नसल्याने तसे सांगणे त्याला अशक्य होते. मग शेवटची क्रांती तरी कशी असू शकेल, असा तिचा युक्तिवाद आहे. १९२३ मध्ये लिहिलेल्या साहित्य, क्रांती व एंट्रोपी यांवरील निबंधात झाम्यातिनने हेच सूत्र विस्ताराने मांडले. कोणतीही कल्पना विजयी झाली की गोठू लागते. तिला पुन्हा ऊर्जा देण्याचे काम पाखंडी माणूस करतो. या दृष्टीने दुःस्वप्नलोक क्रांतीचा निषेध करीत नाही. क्रांती संपली, या घोषणेचा तो निषेध करतो.

६

ही भूमिका नव्या सत्तेला मानवणारी नव्हती. आज्ञाधारक अधिकाऱ्यांकडून खरे साहित्य निर्माण होत नाही, असे झाम्यातिनने १९२१ मध्ये 'मला भीती वाटते' या लेखात लिहिले होते. कादंबरी हस्तलिखितरूपातच लेखकवर्तुळात परिचित झाली. समीक्षक वोरोन्स्कीने १९२२ मध्ये तिला साम्यवादाचे विडंबन ठरविले. ट्रॉट्स्कीने तिच्या कर्त्याची गणना देशातच राहणाऱ्या 'अंतर्गत निर्वासितां'त केली. १९२२ मध्ये झालेल्या अटकेनंतर त्याला ज्या तुरुंगात ठेवले, त्याच तुरुंगात झारच्या पोलिसांनीही त्याला ठेवले होते.

'आम्ही' प्रथम १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे इंग्रजी अनुवादात प्रसिद्ध झाली. १९२७ मध्ये प्रागच्या निर्वासित रशियन नियतकालिकाने तिचे काही भाग छापले. त्यास लेखकाची संमती नव्हती. तरीही दोन वर्षांनी तेच निमित्त करून त्याच्यावर व बोरिस पिल्न्याकवर संघटित मोहीम उघडण्यात आली. झाम्यातिनने लेखकसंघाचा राजीनामा दिला. पुस्तके ग्रंथालयांतून गेली, नाटके रंगभूमीवरून उतरली. जून १९३१ मध्ये त्याने स्टालिनला पत्र लिहिले. लेखकाला लिहिता न येणे ही त्याच्या दृष्टीने देहदंडाचीच शिक्षा होती. म्हणून काही काळ पत्नीसह परदेशी जाऊ द्यावे, अशी त्याची विनंती होती. गॉर्कीच्या मध्यस्थीने ती मान्य झाली. पिल्न्याक मागे राहिला आणि १९३८ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली.

पॅरिसमध्येही झाम्यातिनने सोव्हिएत पारपत्र टाकले नाही आणि निर्वासितांच्या राजकारणापासून तो दूर राहिला. गॉर्कीच्या नाटकावरून झाँ रन्वारने काढलेल्या चित्रपटाच्या पटकथेत (१९३६) त्याचा वाटा होता. अत्तिलावरील कादंबरी अपुरी राहिली. १० मार्च १९३७ रोजी हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.

७

कादंबरीचा पूर्ण रशियन पाठ १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि मायदेशी थेट १९८८ मध्ये छापला गेला. मधल्या काळात शीतयुद्धाने तिला सोव्हिएत व्यवस्थेचे आरोपपत्र करून टाकले. याउलट, १९४६ मध्ये तिचे परीक्षण करताना जॉर्ज ऑर्वेलने तिचा रोख एखाद्या देशापेक्षा औद्योगिक संस्कृतीच्या अंतःस्थ उद्दिष्टांवर आहे, असे मत दिले होते. तीन वर्षांनी त्याची '१९८४' ही कादंबरी आली. तिच्यावरील 'आम्ही'चा प्रभाव सर्वमान्य आहे. इंग्लंडमधील लेखन लक्षात घेता ऑर्वेलचे मत अधिक साधार दिसते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले. 'आम्ही' कालबाह्य झाली नाही. दुःस्वप्नलोक केवळ आरोपपत्र नसतो, याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होय. तो भविष्यकथनही नसतो. काचेची घरे कोठे उभी राहिली, हा प्रश्न त्याच्या संदर्भात गौण आहे. लेखकाच्या वर्तमानात जी प्रवृत्ती हिताची, शास्त्रशुद्ध आणि म्हणून निर्विवाद मानली जाते, ती तिच्या अखेरच्या टोकापर्यंत नेऊन दाखविणे, आणि त्या टोकाला तिच्यात माणसाला जागा उरते काय हे पडताळणे, हे त्याचे प्रयोजन आहे. नौकास्थापत्यकार जहाज पाण्यात लोटण्यापूर्वी ते कोणत्या भाराखाली कलंडेल याचे गणित मांडतो. झाम्यातिनने तेच गणित समाजाच्या बाबतीत मांडले. त्याची किंमत त्याला भाषा, वाचक व मायदेश यांच्या रूपाने मोजावी लागली. आणि ज्या क्रांतीसाठी तो तरुणपणी तुरुंगात गेला, तिच्याशी असलेले नाते त्याने शेवटपर्यंत नाकारले नाही. टीका आणि निष्ठा यांची ही सांगड लक्षात घेतल्याखेरीज 'आम्ही'चे आणि तिने घडविलेल्या साहित्यप्रकाराचे यथार्थ मूल्यमापन होणे अवघड आहे.