मुलांच्या पुस्तकात घरातली मराठी आणणारे अत्रे मास्तर

पेण सोडून रोह्याकडे निघालं की पुढचं स्टेशन लागतं कासू. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत पोरं आगरी बोलतात. शाळेत गेली की पुस्तकातली मराठी मात्र वेगळीच. घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांच्यातलं हे अंतर जुनंच आहे. नव्वदेक वर्षांपूर्वी एका मास्तरांनी ते कमी करायचं मनावर घेतलं. त्यांचं नाव प्रल्हाद केशव अत्रे.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवणारे, 'मराठा' चालवणारे, 'श्यामची आई' सिनेमा काढणारे अत्रे आपल्याला माहिती असतात. पण त्याआधी ते शाळामास्तर होते.

१३ ऑगस्ट १८९८ ला सासवडजवळच्या कोढीत गावात त्यांचा जन्म झाला. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजमधून बीए केल्यावर त्यांनी शिक्षकी पत्करली. पुढे कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते हेडमास्तर झाले. १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' आलं. अवजड शब्द आणि उसने उसासे टाकणाऱ्या कवींची त्यांनी विडंबनातून रेवडी उडवली. कृत्रिम भाषा कुठं आहे, हे त्यांना लगेच ऐकू यायचं.

मग ते लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची टीडी पदवी घेऊन आले. परत आल्यावर मुलांच्या हातातल्या पुस्तकांकडे त्यांचं लक्ष गेलं. मराठी क्रमिक पुस्तकांची घडी एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली बसली होती. त्यात उपदेश भरपूर आणि भाषा भारदस्त. मूल ते पाठ करायचं, पण तसं बोलायचं नाही.

अत्र्यांनी १९३० च्या दशकात 'नवयुग वाचनमाला' काढली. मुलांना कळेल, आवडेल आणि तोंडात बसेल अशी मराठी त्यांनी पुस्तकात आणली. 'केशवकुमार' या नावानं ते कविताही लिहायचे. त्यांची 'आजीचे घड्याळ' आठवतेय? हे घड्याळ कुणाला दिसत नाही, तरी आजीची वेळ कधी चुकत नाही. कोंबडा, ऊन, सावली यावरून ती वेळ सांगते. कवितेचा सगळा ऐवज घरातला आणि अंगणातला आहे.

असाच झगडा फारसीतही होता. तिथं लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांत बरंच अंतर. १९५३ च्या सुमारास अहमद शामलू यांनी बालगाण्यांच्या चालीवर, रोजच्या बोलीत 'परिया' ही कविता लिहिली. म्हणजे रस्त्यावरची, घरातली भाषा कवितेला चालते का, हा प्रश्न फक्त आपला नव्हता.

पुढे १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि राज्याच्या पाठ्यपुस्तकांचं काम तिच्याकडे गेलं. १३ जून १९६९ ला अत्रे गेले.

एक गोष्ट मात्र राहिली. अत्र्यांनी पुस्तकात आणलेली घरची मराठी ही मुख्यतः पुणे-सासवडकडच्या घरांची होती. आगरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला तीसुद्धा शाळेतच शिकावी लागते. मुलाचे शब्द पुस्तकात दिसले की पुस्तक त्याला आपलं वाटतं, हे अत्र्यांनी दाखवून दिलं. कासूच्या पहिलीतल्या पोराला आपला शब्द पुस्तकात सापडेल, तेव्हा अत्रे मास्तरांचं उरलेलं काम पूर्ण होईल.