हिरोशिमावरून परतलेला दिग्दर्शक

विज्ञानकथा व भयकथा यांवर आधारलेल्या चित्रपटांकडे सुशिक्षित समाज सहसा गांभीर्याने पाहत नाही. रबराचे राक्षस, पुठ्ठ्याच्या इमारती आणि पळणारी माणसे, एवढेच काय ते या चित्रपटांत असते अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि या प्रकारातील बहुसंख्य चित्रपट पाहता ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. तथापि १९५४ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये पडद्यावर आलेला ‘गोजिरा’ हा चित्रपट या समजुतीला छेद देतो. पुढे जगाने त्याला ‘गॉडझिला’ या नावाने ओळखले. त्याचे दिग्दर्शक इशिरो होंडा यांचे आयुष्य पाहिले म्हणजे त्या राक्षसामागे कल्पनाविलासापेक्षा अनुभवच अधिक होता, हे ध्यानात येते.

होंडा यांचा जन्म ७ मे १९११ रोजी, उत्तर जपानमधील यामागाता प्रांतातल्या एका डोंगराळ खेड्यात झाला. वडील बौद्ध मठाचे पुरोहित. त्यांच्या इशिरो या नावातच जन्मकथा गुंफलेली होती; वराहाच्या वर्षात जन्मलेला चौथा मुलगा, असा त्याचा अर्थ. थोरला भाऊ सैन्यात डॉक्टर होता आणि तो धाकट्या भावाला विज्ञानाची मासिके पाठवीत असे. एकीकडे मठातील संथ दिनक्रम आणि दुसरीकडे यंत्रांची, ग्रहताऱ्यांची चित्रे, अशा दुहेरी वातावरणात हा मुलगा वाढला. पुढे कुटुंब तोकियोला आले आणि तेथे त्याला चित्रपटांचे वेड लागले. विद्यापीठात चित्रपटकलेचा अभ्यास करून १९३३ मध्ये ते ज्या चित्रसंस्थेत दाखल झाले, तीच पुढे तोहो या नावाने प्रसिद्धीस आली.

येथून त्यांची वाटचाल सरळ झाली असती. परंतु तो काळ सरळ नव्हता. १९३५ मध्ये त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले. ज्या पायदळ रेजिमेंटमध्ये ते होते, तिच्यातील काही तरुण अधिकाऱ्यांनी २६ फेब्रुवारी १९३६ रोजी सरकारविरुद्ध बंड पुकारले. होंडांचा त्या कटाशी काही संबंध नव्हता. पण रेजिमेंटवर बसलेला शिक्का त्यांनाही चुकला नाही आणि सारी पलटण मांचुरियाकडे रवाना करण्यात आली. त्यानंतर १९४५ पर्यंत आणखी दोनदा त्यांना बोलावणे आले. ऐन उमेदीची कित्येक वर्षे अशी चीनमधील छावण्यांत गेली. चित्रसंस्थेतील त्यांचे जिवलग मित्र अकिरा कुरोसावा यांना सैन्यसेवा करावी लागली नाही. १९४३ मध्ये कुरोसावा स्वतंत्र दिग्दर्शक झाले होते. होंडांना तो मान मिळाला १९५१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. या विलंबाची कडवट तक्रार त्यांनी केली नाही आणि दोघांची मैत्रीही कधी कोमेजली नाही. युद्धानंतर कुरोसावांच्या ‘स्ट्रे डॉग’ या चित्रपटासाठी तोकियोच्या उद्ध्वस्त गल्ल्यांतील दृश्ये कॅमेऱ्यात टिपण्याचे काम त्यांनी सहायक म्हणून निष्ठेने केले. त्या चित्रपटात नायकाची म्हणून जी चालणारी पावले दिसतात, त्यांतील काही होंडांचीच आहेत.

युद्धाच्या अखेरच्या काळात चीनमध्ये असताना उखळी तोफेचा एक गोळा त्यांच्यासमोर येऊन पडला आणि फुटला नाही. तो गोळा त्यांनी मायदेशी आणला आणि आयुष्यभर आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवला. शरणागतीनंतर काही महिने ते चिनी सैन्याच्या ताब्यात होते. १९४६ च्या मार्चमध्ये सुटका होऊन घरी परतताना त्यांची गाडी हिरोशिमावरून गेली. गवताचे पातेही पुन्हा उगवणार नाही असे लोक म्हणत होते, ते हे शहर. अण्वस्त्र म्हणजे काय याचा अर्थ ज्या दिग्दर्शकाने वृत्तपत्रातून नव्हे तर आगगाडीच्या खिडकीतून समजून घेतला, त्याचे पुढील काम त्या दृश्यापासून वेगळे काढता येत नाही.

‘गोजिरा’चा जन्म मात्र व्यापारी गरजेतून झाला, हे नमूद केले पाहिजे. तोहोचे निर्माते तोमोयुकी तानाका इंडोनेशियाच्या सहकार्याने एक मोठा चित्रपट काढणार होते. राजकीय कारणांनी परवाने नाकारले गेले आणि ती योजना बारगळली. रिकामी जागा भरण्यासाठी काहीतरी भव्य हवे होते. त्याच सुमारास, १ मार्च १९५४ रोजी, अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबचा स्फोट घडविला. त्याची शक्ती १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजार पट. ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर किरणोत्सर्गी राख पांढऱ्या धुळीसारखी पडली. आजारी खलाशी बंदरात परतले, त्यांनी आणलेला मासा दूषित निघाला आणि साऱ्या जपानमध्ये घबराट पसरली. या स्फोटाचे पडसाद भारतातही उमटले. २ एप्रिल रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या निदान स्थगित ठेवाव्यात अशी मागणी केली. त्या वेळी ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. २३ सप्टेंबरला त्या नौकेवरील बिनतारी यंत्रचालकाचा मृत्यू झाला, तेव्हा ‘गोजिरा’चे चित्रीकरण चालू होते.

चित्रपटाचा आरंभ समुद्रातील लखलखाटाने आणि पेटणाऱ्या एका नौकेने होतो. तो पाहताना कोणत्याही जपानी प्रेक्षकाला टिपणीची आवश्यकता नव्हती. हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांनी सागरतळातून डिवचला गेलेला एक प्राचीन प्राणी, ५० मीटर उंचीचा, तोकियोवर चालून येतो. होंडांचे वैशिष्ट्य असे, की ही असंभाव्य कथा त्यांनी वृत्तपटाच्या गंभीर शैलीत सांगितली. राक्षस निघून गेल्यानंतरचे दृश्य त्यांना अधिक महत्त्वाचे वाटते: रुग्णालयाच्या व्हरांड्यात ओळीने झोपविलेली माणसे, लहान मुलाजवळ नेल्यावर टकटकू लागणारा किरणमापक, शाळकरी मुलींचे प्रार्थनागीत. पेटलेल्या शहरात एक आई मुलांना जवळ घेऊन, लवकरच आपण बाबांकडे जाणार, अशी समजूत घालते. हवाई हल्ल्यात एका रात्रीत सुमारे लाखभर माणसे गमावलेल्या तोकियोत हा चित्रपट अवघ्या नऊ वर्षांनी दाखविला जात होता. काही समीक्षकांनी राष्ट्रीय दुःखाचे भांडवल केल्याचा आरोप केला, तोही याच कारणाने. प्रेक्षकांनी मात्र सुमारे ९६ लाख तिकिटे काढली.

या यशात होंडांचे सहकारीही तितकेच वाटेकरी होते. युक्तिदृश्यांचे सूत्रधार एइजी त्सुबुराया यांना बाहुली चौकटीचौकटीने हलवून चित्रण करावयाचे होते. त्याला वेळ नव्हता आणि पैसाही. म्हणून सुमारे १०० किलो वजनाच्या पोशाखात माणूस घालून, पंचवीसपटीने लहान केलेल्या तोकियोतून त्याला चालविण्यात आले. दिव्यांच्या उष्णतेने आतील नट घामाने निथळत असे आणि काही पावलांतच थकून जाई. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बासच्या तारांवरून ओढून राक्षसाची आरोळी निर्माण केली. ती आजही जगभर कोणालाही ओळखू येते.

पण या कथेचा गाभा राक्षसात नाही, सेरिझावा नावाच्या शास्त्रज्ञात आहे. समुद्रातील प्राणवायूचा नाश करून सर्व जीवसृष्टी संपविणारे साधन त्याच्या हाती लागले आहे. राक्षसाला मारता येईल असे ते एकमेव साधन. परंतु एकदा वापरले की जगातील सत्ताधारी ते आपल्याकडून हिरावून घेतील, हे तो जाणतो. शेवटी तो आपली सर्व टिपणे जाळतो, साधन घेऊन समुद्रतळाशी जातो आणि स्वतः वर येत नाही. विज्ञान आणि शास्त्रज्ञाची जबाबदारी यांवर त्या दशकात पुष्कळ विद्वत्तापूर्ण लिहिले गेले. पण एका करमणुकीच्या चित्रपटाने हा प्रश्न इतक्या थेटपणे लाखो सामान्य माणसांपुढे मांडल्याची उदाहरणे विरळाच.

या थोरवीला एक मर्यादाही आहे. ‘गोजिरा’तील जपान केवळ सोसणारा आहे, ज्या चीनमध्ये होंडांनी स्वतः गणवेश घालून वर्षे काढली, त्या देशाने काय सोसले याचा उल्लेख चित्रपटात नाही. व्यक्ती म्हणून मात्र होंडांनी हे मौन पूर्णपणे पाळले नाही. सैन्यात असताना त्यांच्याकडे काही काळ सैनिकांसाठी चालविलेल्या ‘विश्रांतिगृहा’ची देखरेख होती. तेथील स्त्रियांच्या दुर्दशेविषयी त्यांनी १९६६ मध्ये एका चित्रपटविषयक नियतकालिकात लेख लिहिला. हा विषय जपानमध्ये उघडपणे बोलला जात नव्हता, त्या काळातील ही गोष्ट आहे.

अमेरिकेत हा चित्रपट १९५६ मध्ये पोहोचला तो कापून-जोडून. रेमंड बर या नटाला पत्रकाराच्या भूमिकेत घालून नवी दृश्ये चित्रित केली गेली, बाँबचे बरेच संदर्भ सौम्य झाले, आणि चाचण्या चालूच राहिल्या तर असा दुसरा प्राणी कोठेतरी प्रकट होईल, ही वृद्ध प्राध्यापकाची शेवटची शंका वगळली गेली. तिच्या जागी जग पुन्हा निर्धास्त झाल्याचे निवेदन आले. जगातील बहुतेक प्रेक्षकांनी पाहिली ती ही आवृत्ती.

पुढील दोन दशकांत होंडांनी ‘रोदान’, ‘द मिस्टेरियन्स’, ‘मोथ्रा’, ‘मातांगो’ असे अनेक चित्रपट दिले. त्यांत एक आशा वारंवार डोकावते: संकट पृथ्वीवर आले तर राष्ट्रे भांडणे बाजूला सारून एकत्र येतील. १९६२ च्या ‘गोराथ’मध्ये तर सर्व देश मिळून दक्षिण ध्रुवावर प्रचंड अग्निबाण बसवतात आणि पृथ्वीच आपल्या कक्षेतून बाजूला सरकवतात! शास्त्रीय दृष्ट्या ही कल्पना हास्यास्पद खरी. पण शीतयुद्ध ऐन भरात असताना ती मांडण्यामागचा भाबडेपणा मन हेलावून टाकणारा आहे. दरम्यान गोजिरा मुलांचा लाडका झाला, कुस्त्या खेळू लागला. हे रूपांतर होंडांना फारसे मानवले नाही. तरी चित्रसंस्थेने सांगितलेले काम ते नेकीने करीत राहिले. १९७५ मध्ये त्यांनी आपला शेवटचा चित्रपट दिग्दर्शित केला.

त्यानंतर जे घडले ते चित्रपटसृष्टीत क्वचित घडते. सत्तरीकडे झुकलेले होंडा आपल्या जुन्या मित्राच्या मदतीस गेले. ‘कागेमुशा’पासून ‘मादादायो’पर्यंत, १९८० ते १९९३ या काळात, कुरोसावांच्या पाचही चित्रपटांत ते त्यांच्या बाजूस उभे होते. ‘ड्रीम्स’मध्ये एका बोगद्यातून मृत सैनिकांची तुकडी आपल्या अधिकाऱ्यासमोर येऊन उभी राहते. रणांगणाचा अनुभव कुरोसावांना नव्हता, होंडांना होता. ‘मादादायो’ प्रदर्शित होण्यापूर्वीच, २८ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी होंडांचे निधन झाले.

अमेरिकेतील चित्रपटगृहांत त्यांचा ‘गोजिरा’ मूळ स्वरूपात, सर्वत्र असा, दाखविला गेला तो २००४ मध्ये, पन्नास वर्षांनी. त्यात वृद्ध प्राध्यापकाची ती शेवटची शंका पुन्हा आपल्या जागी होती.