इंजिनिअरिंगच्या पोरांना एक आठवडा कॉलेजात अन् एक आठवडा कारखान्यात पाठवणारा डीन

इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये इंटर्नशिपचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. एक तर इंटर्नशिप मिळत नाही. आणि मिळालीच तर कंपनीत कुणी मशीनला हात लावू देत नाही, शेवटी सर्टिफिकेट तेवढं हातात पडतं.

पण अर्धं शिक्षण वर्गात, अर्धं कारखान्यात आणि कामाचे पैसेही मिळणार, ही आयडिया शंभर वर्षांहून जुनी आहे. ती अमेरिकेत रुजवली हर्मन श्नायडर यांनी.

श्नायडर यांचा जन्म 1872 चा, पेनसिल्व्हेनियातल्या समिट हिल या कोळसा खाणींच्या गावातला. लीहाय युनिव्हर्सिटीत शिकताना ते एका आर्किटेक्टकडे काम करायचे. 1894 मध्ये पदवी घेतली, काही वर्षं फिल्डवर इंजिनिअर म्हणून काढली आणि मग ते लीहायमध्येच शिकवायला आले.

तिथं त्यांना एक प्रश्न पडला. नोकरीत पुढे चमकणारे विद्यार्थी नेमके कोणते? शोध घेतल्यावर लक्षात आलं की त्यातल्या बऱ्याच जणांनी शिकता शिकता कुठं ना कुठं काम केलेलं होतं.

कॉलेजपासून जवळच बेथलहेमचा पोलाद कारखाना होता. मग कॉलेजनं मशीन विकत घेऊन लॅब कशाला उभारायच्या? खरी मशीन आणि खरं काम तर शेजारीच आहे. थिअरी कॉलेज शिकवेल, हात कारखान्यात बसेल, असा हा साधा हिशोब होता.

पण लीहायमध्ये ही योजना पुढे सरकली नाही.

1903 मध्ये श्नायडर सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत गेले. सिनसिनाटी म्हणजे तेव्हा मशीन टूल बनवणाऱ्या कारखान्यांचं मोठं शहर. त्यांनी कारखानदारांच्या गाठीभेटी घेतल्या. फ्रेडरिक गायर यांच्यासारखे मिलिंग मशीन बनवणारे उद्योजक पाठीशी उभे राहिले. युनिव्हर्सिटीच्या विश्वस्तांना मात्र भरवसा नव्हता. एक वर्ष करून बघा, पण फसलं तर जबाबदारी आमची नाही, अशा अर्थाच्या अटीवर त्यांनी परवानगी दिल्याचं सांगितलं जातं.

1906 मध्ये 27 विद्यार्थ्यांना घेऊन कोर्स सुरू झाला. 12 मेकॅनिकलचे, 12 इलेक्ट्रिकलचे आणि 3 केमिकलचे.

आता खरी अडचण कारखानदारांची होती. पोरगा आठवडाभर कॉलेजात गेला तर त्याचं मशीन कोण चालवणार? श्नायडर यांनी यावर तोडगा काढला जोडीचा. एका कामावर दोन विद्यार्थी. एक कारखान्यात असेल तेव्हा दुसरा वर्गात आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. शनिवारी कॉलेजवाला कारखान्यात येऊन जोडीदाराकडून काम समजून घ्यायचा. त्यामुळे मशीन थांबत नव्हतं, वर्गही रिकामा राहत नव्हता.

पोरं नुसतं राबवून घेतली जाऊ नयेत, याचाही विचार केला होता. कामाची मजुरी मिळायची. शिवाय कोऑर्डिनेटर म्हणून कॉलेजचा माणूस कारखान्यात जाऊन पोरं काय करतायत ते बघायचा आणि त्या कामाची वर्गातल्या विषयाशी सांगड घालायचा. किंमत मोजावी लागली ती वेळेची. चार वर्षांची पदवी सुरुवातीला सहा वर्षांची झाली.

श्नायडर यांचा आणखी एक मुद्दा होता. काही कामं माणसाची उमेद वाढवतात, तर काही एकसुरी कामं त्याला आतून थकवतात, असं ते मांडायचे. म्हणून त्यांच्या मते विद्यार्थ्याला एकाच मशीनपुढे बांधून ठेवण्यापेक्षा वेगवेगळी कामं देणं महत्त्वाचं होतं.

ही कल्पना जगात एकट्या त्यांनाच सुचली असंही नाही. इंग्लंडमध्ये सुंदरलँडच्या टेक्निकल कॉलेजात साधारण याच काळात असे कोर्स सुरू झाले होते. तिकडे त्यांना सँडविच कोर्स म्हणतात. पण अमेरिकेत सिनसिनाटीचा प्रयोग टिकला आणि पसरला. 1909 मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्ननं तो उचलला. एक वर्षासाठी परवानगी मिळालेले श्नायडर पुढे त्याच सिनसिनाटी युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष झाले. 1939 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा को-ऑप प्रोग्राम तिथं आजही चालू आहे.

हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. पण पुणे विद्यापीठात प्रॉडक्शन किंवा मेकॅनिकल सँडविचला शिकलेल्यांना कॉलेज आणि कंपनीची ही सांगड नवी नाही. भारतात 1961 पासून अप्रेंटिस कायदाही आहे.

मग गाडी अडते कुठं? कॉलेज आणि कंपनी यांच्यात करार होतो, फोटो निघतात, पण शिकाऊ पोरानं आज कंपनीत काय केलं, हे विचारणारा माणूस बऱ्याचदा नसतो. श्नायडर यांच्या योजनेत त्यासाठी माणूस नेमलेला होता. त्यामुळे पुढची इंटर्नशिप घेण्याआधी सर्टिफिकेट कधी मिळणार हे विचाराच, पण काम कोणतं, पैसे किती आणि शिकवणार कोण, हे तीन प्रश्न त्याआधी विचारा.