होरेस वेल्स

भिलाईच्या पोलाद वसाहतीत सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची अक्कलदाढ हाडात अडकली, की घरातल्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो. दाढेभोवतीची जागा तेवढी बधिर करावी, वायू हुंगवून गुंगी द्यावी, की पूर्ण भूल द्यावी? दोनशे वर्षांपूर्वी असा प्रश्नच नव्हता. रुग्णाला घट्ट धरून ठेवत आणि दाढ उपटत.

होरेस वेल्स यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. पुढे ते हार्टफर्ड शहरात दंतवैद्य झाले. रुग्णांच्या वेदना पाहून त्यांचे मन अस्वस्थ होई. १० डिसेंबर १८४४ रोजी गार्डनर कोल्टन यांनी तेथे नायट्रस ऑक्साइड या 'हसवणाऱ्या वायू'चा खेळ लावला होता. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जोराचा मार लागला. त्याला मात्र त्याची जाणीवच नव्हती. प्रेक्षक हसत होते. वेल्स यांचे लक्ष त्या पायाकडे होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोल्टन यांच्याकडून तो वायू घेतला आणि सहकारी जॉन रिग्ज यांच्याकडून स्वतःचीच अक्कलदाढ काढून घेतली. वेदना जवळजवळ जाणवली नाही. वास्तविक, या वायूने वेदना शमते हे हम्फ्री डेव्ही यांनी १८०० मध्येच नोंदवले होते, तेही आपल्या अक्कलदाढेच्या दुखण्यावरून! परंतु चव्वेचाळीस वर्षे तिकडे कोणी लक्ष दिले नाही.

जानेवारी १८४५ मध्ये वेल्स यांनी बोस्टनमध्ये जाहीर प्रयोग केला. वायूची पिशवी लवकर बाजूला घेतली गेली, रुग्ण ओरडला आणि जमलेल्यांनी वेल्स यांना लबाड ठरवले. चूक वायूची नव्हती, मात्रेची होती. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. त्यांचेच माजी शिष्य विल्यम मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्येच ईथर यशस्वीपणे वापरले आणि त्यांचा सर्वत्र गौरव झाला. मॉर्टन यांनी ईथरसाठी एकस्व मिळवले. वेल्स यांनी मात्र आपल्या शोधावर कधी हक्क सांगून पैसा मागितला नव्हता.

पुढे वेल्स स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करू लागले. त्याच्या अतिसेवनाने त्यांचा तोल ढळला. त्या अवस्थेत त्यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर स्त्रियांवर आम्ल फेकले. शुद्धीवर आल्यावर झालेली लाज त्यांना सोसवली नाही. २४ जानेवारी १८४८ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, तुरुंगात त्यांनी जीवनाचा अंत केला. त्यांच्या शोधाला पॅरिसच्या वैद्यक मंडळाने मान्यता दिल्याची वार्ता त्यानंतर येऊन पोचली.

१८६३ पासून त्याच कोल्टन यांनी दंतवैद्यकात हा वायू पुन्हा रूढ केला. आज तो प्राणवायूत मिसळून, नाकावरील मुखवट्यातून, मोजून दिला जातो. रुग्ण जागा असतो, बोलू शकतो. जागा बधिर करण्याची सुई मात्र तरीही द्यावीच लागते.